नेमकं काय माफ करायचं

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पहिलं गीत सुरू झालं की ऑर्गनबाईचा डावा पाय बाकाखाली आपोआप हलायचा. सतरा वर्षं त्या पायानं ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या दाबल्या होत्या. त्याला अजून कोणी सांगितलंच नव्हतं की आता सुट्टी. ती दुसरा पाय त्याच्यावर ठेवून त्याला गप्प करी, आणि समोर बघे.

समोर ऑर्गनवर भाऊंची धाकटी सून असायची. पोरगी गुणी होती, पण घाईची. शोकाचं गीतसुद्धा ती अशी वाजवायची, की जणू घरी गॅसवर दूध ठेवून आलीय. मंडळी बिचारी धापा टाकत तिच्यामागून धावायची, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी मागे पडायची. ऑर्गनबाईला हसू यायचं. मग लगेच ते मावळायचं. आपण तिथं असतो तर या ओळीला एक श्वास थांबलो असतो, असं तिला वाटे. आणि त्या एका श्वासासाठी जीव इतका तुटायचा की पुढचं प्रवचन डोक्यावरून जायचं.

तिचं खरं नाव मंडळीतल्या निम्म्या लोकांना आठवत नसे. लहानथोर सगळे तिला ऑर्गनबाई म्हणत. ऑर्गन सुटला तरी हाक तीच राहिली. बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही की नका म्हणू.

तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं. मधलं बोट होतं, पण वाकत नव्हतं. उरल्या दोन बोटांनी बटण लावता येई, कुलूप उघडता येई, नवऱ्याच्या कानाला चिमटाही काढता येई. ऑर्गन तेवढा वाजत नसे.

हे झालं भाऊंच्या लाँड्रीत. भाऊ म्हणजे मंडळीच्या पंचांतले सगळ्यांत जुने. सत्तरीचे, वाळलेले, मृदू बोलणारे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुण्याचा त्यांचा कारखाना होता आणि ऑर्गनबाई तिथं इस्त्रीच्या यंत्रावर होती. माणूस चांगला, यात वाद नव्हता. शुक्रवारी गायनाचा सराव असला की तिला तासभर आधी सोडायचे, वर म्हणायचे, "जा गं, देवाच्या कामाला उशीर नको."

इस्त्रीच्या यंत्राला दोन तापलेले रूळ होते. एका बाजूनं ओली चादर आत सारायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर पडे. रुळांच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती, तिला बोट लागलं की यंत्र जागच्या जागी थांबायचं. दांडी भारी नाजूक स्वभावाची. चादर जाड असली की थांब, घडी पडली की थांब. दर दोन मिनिटांनी हिचे रुसवे काढत बसलं तर इस्पितळाच्या चादरी जायच्या कधी? एके दिवशी भाऊ वैतागून म्हणाले, "बांधून टाक गं ती." तिनं फाटक्या चादरीची पट्टी काढली आणि दांडी बांधून टाकली. सहा महिने ती तशीच होती. कोणाचं काही बिघडलं नाही, आणि बिघडत नाही म्हटल्यावर दांडी बांधलेली आहे हेही सगळे विसरले.

मग एका दुपारी, बाकीची माणसं जेवायला गेलेली असताना, ती आणि भाऊ दोघंच राहिलेला ढीग उरकत होते. चादरीची एक घडी सरळ करायला तिनं हात पुढे केला. त्यानंतरचं तिला फार थोडं आठवतं. वाफेचा आवाज, वरचं छत आणि भाऊंचा आवाज, "देवा, देवा, देवा."

तिसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी आला तेव्हा दांडीवर पट्टी नव्हती. त्यानं बोट लावलं, यंत्र थांबलं. त्यानं अहवालात लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. खाली मालक म्हणून भाऊंची सही.

बोटं गेली ती गेलीच. पण हा शब्द तिच्या मनात काट्यासारखा रुतला. सतरा वर्षांत तिनं एक सूर चुकवला नव्हता. आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा डोळ्यांना धार लागलेली असताना तिनं ऑर्गन वाजवला होता, आणि शेवटचा सूर पूर्ण मोजून मगच उठली होती. आणि तिच्या नावापुढे, सही-शिक्क्यानिशी, निष्काळजी.

भाऊंनी इस्पितळाचा सगळा खर्च केला. घरी फळं पाठवली, डबे पाठवले, हिवाळ्यात पांघरूण पाठवलं. स्वतः सोडून सगळं पाठवलं.

या मंडळीत एक रीत होती. वर्षातून चारदा प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या आठवणीत सगळे एका ताटातली भाकर खायचे, आणि त्याच्या आधीचा आठवडा समेटाचा. ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्यानं त्या आठवड्यात त्याच्या दारी जायचं, मन मोकळं करायचं, मगच रविवारी भाकरीला हात लावायचा. त्या आठवड्यात रस्त्यांवर मोठी मजा असे. कोण कोणाच्या दारात उभा आहे हे सगळ्या खिडक्यांना कळायचं. दोन जावा तर दर खेपेला एकमेकींच्या घरी जायला एकाच वेळी निघायच्या आणि वाटेतच भेटून पुन्हा भांडायच्या. ऑर्गनबाई अपघातानंतरच्या तिन्ही आठवड्यांत खिडकीशी बसली होती. भाऊ आले नाहीत. तिन्ही रविवारी भाकरीचं ताट समोर आलं आणि तिनं ते तसंच पुढे दिलं. भाऊंनीही दिलं असणार, पण ते पुढच्या बाकावर बसत, त्यांचं कोणाला दिसलं नाही. हिचं सगळ्यांना दिसलं.

"किती धरून ठेवायचं माणसानं," असं बायका म्हणू लागल्या. "माफ करून टाकावं."

तिच्या नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. वरच्या मजल्यावर त्यांचं घर. दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं बरोबर लावणाऱ्या या माणसाच्या घरातलं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नसे. तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता, दावा लाव. वकीलबाईही त्यानंच शोधून काढली होती.

"दाव्याची मुदत वर्षाची," तो म्हणाला. "बारा दिवस राहिलेत. मी घड्याळवाला आहे, वेळेचं मला सांगू नकोस."

"मी काही सांगतेय का?"

"तेच तर! काही सांगत नाहीस. नुसती खिडकीत बसतेस."

त्याच संध्याकाळी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले. पाळक पन्नाशीचे, मनाचे सरळ. खुर्चीत बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. दाव्याची कुणकुण त्यांच्या कानावर गेली होती.

"बाई, तुमचं दुःख मला कळतं," ते म्हणाले.

"कसं काय?" घड्याळजी म्हणाला.

"अहो," ती नवऱ्याला दटावत म्हणाली.

"भावानं भावाला कोर्टात ओढू नये, हे शास्त्रात स्पष्ट आहे," पाळक म्हणाले. "आपल्यातलं आपल्यात मिटावं. बाहेरच्यांसमोर आपण एकमेकांकडे बोटं दाखवायला लागलो, तर आपल्यात आणि बाकी जगात फरक काय राहिला? त्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा, असंच शिकवलंय ना आपल्याला?"

"मला पैसे नकोयत, पाळकसाहेब."

"मग काय हवंय?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की अकरा महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. "तो शब्द पुसायला हवाय," ती म्हणाली. "दांडी बांधली होती, आणि बांधायला त्यांनी सांगितलं होतं, एवढं भाऊंनी म्हणावं. उपासनेत म्हणावं, नाहीतर रस्त्यात म्हणावं, माझी काही अट नाही. मला पुन्हा त्या लोकांत बसायचंय हो. मी बसते, पण बसल्यासारखं वाटत नाही."

पाळकांची टोपी थांबली. "मग शास्त्रात हेही आहे," ते हळूच म्हणाले, "की भावानं आपला अपराध केला असेल तर आपण त्याच्याकडे जावं. दोघंच असताना सांगावं. तुम्ही गेलात कधी?"

ती गेली नव्हती.

"हात हिचा गेला, आणि जायचंही हिनंच?" घड्याळजीला राहवलं नाही.

"हो," पाळक म्हणाले. "अवघड आहे, पण हो."

समेटाचा चौथा आठवडा चालू होता. शनिवारी अर्धा दिवस असतो, म्हणून शनिवारी दुपारी ती लाँड्रीत गेली. दारातूनच साबणाचा आणि गरम कापडाचा वास आला, आणि काय सांगावं, तिला तो वाससुद्धा आवडला. इतके दिवस आपल्याला याचीही आठवण येत होती हे तिला तेव्हा कळलं. यंत्र तिथंच होतं, बंद, थंड. त्याच्याकडे पाठ करून भाऊ एकटेच उशांचे अभ्रे मोजत होते.

"ये," ते वळून म्हणाले. जणू रोज तिची वाट बघत होते.

"भाऊ, मी समेटाला आलेय."

"खरं तर मी यायला हवं होतं."

"मग का नाही आलात?"

भाऊंनी अभ्रे खाली ठेवले, परत उचलले. "विमा कंपनीच्या वकिलानं बजावलंय, की तोंडातून शब्द काढायचा नाही. चुकलो म्हणायचं नाही, भेटायला जायचं नाही. मी काही बोललो तर विमा रद्द होईल, आणि इथल्या तीस माणसांचं काय होईल म्हणाला." मग म्हणाले, "पण ते खरं कारण नाही. मी भित्रा आहे गं."

ती वाट बघत उभी राहिली. आता म्हणतील. दांडी मीच बांधायला सांगितली, एवढंच तर म्हणायचं आहे; खोलीत तिसरं कोणी नाही. पण भाऊंचे ओठ नुसते हलले. ते यंत्राकडे बघायचेही टाळत होते.

"तू दावा लाव," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"लाव. मला साक्षीला उभं कर. मी आयुष्यात खोटी शपथ घेतलेली नाही आणि आता या वयात घेणार नाही. तिथं मला विचारतील, आणि मला सांगावंच लागेल. इथं..." त्यांनी हात हलवला. "इथं मला गप्प बसता येतं. वर्षभर बसलोच की. घरी बसलो, उपासनेत बसलो, गुडघे टेकल्यावरसुद्धा गप्प बसलो."

"म्हणजे तुम्हाला खरं बोलता यावं म्हणून मी तुम्हाला कोर्टात ओढू?"

"हो."

"आणि सगळी मंडळी मला नावं ठेवील ते?"

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासाठी एवढं कर," ते म्हणाले.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा घड्याळजी हातातलं घड्याळ ठेवून बघतच राहिला. "माझ्यावर खटला भरा म्हणून हात जोडणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकतोय," तो म्हणाला. "आणि त्याला वाटतं हे तो तुझ्याकडून उपकार म्हणून मागतोय! धन्य आहे तुम्हा लोकांची."

"तुम्हा लोकांची? तुम्ही कधीपासून बाहेर पडलात?"

"मी शेवटच्या बाकावरचा. मला मोजू नका."

ती हसली, आणि हसता हसता रडली. पाळक, भाऊ, मंडळी, सगळ्यांना तिच्याकडूनच काहीतरी हवं होतं. कोणाला क्षमा हवी, कोणाला शांतता हवी, कोणाला दावा. तिला मात्र फक्त परत जायचं होतं. रविवारी सकाळी आठला ऑर्गनचं झाकण उघडताना जो थंड लाकडाचा वास येई तिथं. सगळे एकदमच श्वास घ्यायचे आणि पहिला सूर तिचा असायचा तिथं. स्वयंपाकाच्या टेबलावर ती कधीकधी डाव्या हातानं वाजवून बघे, आणि उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या आपला वाटा मनातल्या मनात वाजवी. गेलेल्या बोटांसकट.

मुदत संपायला चार दिवस असताना तिनं दाव्यावर सही केली. डाव्या हातानं. सही पहिलीतल्या मुलाची वाटत होती. वकीलबाई म्हणाली, "चालतं," आणि कागद फाइलीत घातला.

त्यानंतरचे पाच महिने तिला मंडळीत कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, निदान दोन शब्द उलटून बोलता आले असते. सगळे गोड बोलत, लांबून. बायका बाकावर बसताना तिच्या आणि आपल्यामध्ये पर्स ठेवत. गायनवृंदाच्या सरावाला ती मागे ऐकायला बसायची, ते तिनं सोडलं; कारण ती आली की गाणं थांबे आणि सगळ्यांना अचानक खोकला येई. सुनेनं मात्र एकदा बाहेर गाठून विचारलं होतं, "त्या संध्याकाळच्या गीतात मी कुठं चुकते हो?" तिला सांगायचं होतं, चुकत नाहीस गं, थांबत नाहीस. पण तेवढ्यात सुनेची सासू आली आणि पोरगी गोरीमोरी होऊन निघून गेली. ते सांगायचं राहिल्याची हुरहूर ऑर्गनबाईला कितीतरी दिवस पुरली.

सुनावणी एका मंगळवारी सकाळी होती. कोर्टाची खोली एवढीशी, शाळेच्या वर्गासारखी. भिंतीला हिरवट रंग आणि खिडकीत बंद पडलेला पंखा. मंडळीतलं कोणी आलं नव्हतं. पाळक तेवढे आले आणि अगदी मागे, मधोमध बसले, म्हणजे कोणाच्या बाजूनं आलेत असं व्हायला नको. ऑर्गनबाई नवऱ्याशेजारी बसली. आता थोडाच वेळ, तिला वाटलं. भाऊ ती दोन वाक्यं म्हणतील, लिहिणारा ती लिहून घेईल, आणि मी तो कागद पाळकांच्या हातात देईन. मग तेच वाचून दाखवतील. मग पर्सा उचलल्या जातील.

भाऊंनी उभं राहून शपथ घेतली. 

"दांडी बांधलेली होती का?" वकीलबाईनं विचारलं.

"होती. सहा महिने होती."

"बांधायला कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं. ती बाई नको म्हणाली असती तरी मी बांधायलाच लावली असती. निष्काळजीपणा तिचा नव्हता, माझा होता."

झालं! इतकंच होतं. घड्याळजीनं तिचा डावा हात दाबला. तिच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं मागे वळून पाळकांकडे पाहिलं, तेही तिच्याकडेच बघत होते आणि मान हलवत होते. सतरा महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

"अधिकारी आले तेव्हा पट्टी नव्हती," वकीलबाई कागद उलटत म्हणाली. हा प्रश्न तिनं उरकून टाकल्यासारखाच विचारला. "ती कोणी सोडली?"

"मी."

"कधी?"

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"कधी सोडलीत?" वकीलबाईनं पुन्हा विचारलं.

"तिचा हात आत होता तेव्हा," भाऊ म्हणाले.

खोलीत कोणाला पटकन कळलंच नाही. पहिल्यांदा कळलं ते विमा कंपनीच्या वकिलाला. तो तीरासारखा उठला. "म्हणजे यंत्र थांबावं म्हणून आपण दांडी मोकळी केलीत," तो म्हणाला. "गडबडीत जे सुचलं ते केलंत. बाईंना वाचवण्यासाठी. असंच ना?"

हो म्हणा, ऑर्गनबाईच्या मनानं टाहो फोडला. भाऊ, हो म्हणा. असंच असणार. असंच झालं असेल.

"नाही," भाऊ म्हणाले. "हात एकदा आत गेल्यावर दांडीचा उपयोग नसतो, ते मला माहीत होतं. लाल बटण दाबावं लागतं. ते माझ्या हाताशी होतं, अगदी इथं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की लोक धावत येतील आणि पट्टी दिसेल. म्हणून मी पट्टी ओढून काढली, खिशात घातली. मग बटण दाबलं."

"मध्ये किती वेळ गेला?" हे न्यायाधीशांनी विचारलं.

"चार सेकंद. पाच असतील. मी रोज मोजून बघतो. चारच असावेत."

चार सेकंद म्हणजे इतरांना काय, कुठं आले कुठं गेले. पण ऑर्गनबाईनं आयुष्यभर हेच मोजलं होतं. संथ गीतातला शेवटचा सूर चार ठोके धरायचा असतो. त्यात छातीतली सगळी हवा संपते. म्हातारी माणसं मध्येच सोडून देतात, लहान मुलं एकमेकांकडे बघून हसतात, आणि तरी सूर संपत नाही. एक. दोन. तीन. चार. तिनं मोजले, आणि मोजून झाल्यावर तिचा उजवा हात मांडीवर होता तिथं असा पेटला की तिनं तो डाव्या हातानं गच्च धरला.

घड्याळजीनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

मधली सुट्टी झाली. वकीलबाई आनंदून म्हणाली की आता निकाल आपलाच, तो शब्दही जाणार. ऑर्गनबाईनं मान डोलावली आणि बाहेर येऊन खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

भाऊ बाहेर आले. विमा कंपनीचा वकील तावातावानं काही बोलत होता, त्याला तिथंच सोडून ते तिच्यापाशी आले. पाळक चार पावलं मागे थांबले. सगळ्यांनाच ठाऊक होतं आता काय व्हायला हवं, आणि सगळे त्याचीच वाट बघत होते.

"हे मला तुझ्या घरी येऊन सांगता येत नव्हतं," भाऊ म्हणाले. "दांडीचं सांगितलं असतं गं. हे नव्हतं सांगता येत. मला माफ..."

"थांबा," ती म्हणाली.

ते थांबले.

"सगळे मला म्हणत होते, माफ कर. आणि मी केलंही होतं, भाऊ. मनातल्या मनात केव्हाच केलं होतं. पण ते दुसरंच काहीतरी होतं. ही गोष्ट मला आज कळतेय. पंधरा मिनिटं झाली कळून."

"तू म्हणशील तेव्हा," भाऊ म्हणाले. "नाही म्हटलंस तरी..."

"नाही म्हणत नाही मी. पण आत्ता हो म्हटलं तर ती खोटी शपथ होईल."

भाऊंनी मान खाली घातली. मग ते हळूहळू जिना उतरून गेले, कठड्याला धरून, एकेक पायरी. एवढ्याशा जिन्याला त्यांना बराच वेळ लागला आणि ती ते सगळं बघत राहिली. पाळक जवळ आले. काहीतरी शास्त्रातलं आठवलं असावं त्यांना, पण त्यांनी ते सांगितलं नाही. "मी तुम्हाला कोर्टात येऊ नका म्हणत होतो," एवढंच म्हणाले, आणि तिच्याशेजारी खिडकीशी उभे राहिले.

ऑर्गनसाठी जीव तुटणं काय असतं ते तिला चांगलं ठाऊक झालं होतं. आता तसाच जीव तुटत होता तो त्या म्हाताऱ्याला हाक मारून परत वर बोलवावं म्हणून. तिनं दोनदा तोंड उघडलं. हाक आली नाही.